'फ्लशिंग'ला 'लाली' म्हणावं का?

प्रश्न : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचा मराठी मजकूर तयार करते आहे. विषय कार्सिनॉइड गाठींचा, म्हणजे बहुधा आतड्यात होणाऱ्या एका प्रकारच्या गाठींचा. त्यात 'फ्लशिंग' सारखं येतं. 'लाली' लिहिलं, पण लाजलेल्या नवरीचे गाल आठवतात. 'पुरळ' चालेल?

उत्तर : पुरळ नको, ताई. पुरळ अंगावर उठतं, हाताला लागतं. इथे कातडीवर काहीच उठत नाही. आतड्यातली गाठ सेरोटोनिनसारखी संदेशवाहक द्रव्यं रक्तात सोडते. यकृत ती वाटेतच मोडून टाकतं, म्हणून गाठ यकृतात पसरेपर्यंत बहुधा बाहेर काही दिसत नाही. मग मात्र चेहरा, मान, छातीचा वरचा भाग एकाएकी लालबुंद होतो आणि बहुतेकदा काही मिनिटांत पूर्ववत होतो. दारू प्यायल्यावर, भरपेट जेवल्यावर, मनावर ताण आल्यावरही.

'गरम वाफा'ही टाळा. पाळी जाताना येणाऱ्या वाफांसोबत घाम फुटतो; या गाठींमध्ये कातडी सहसा कोरडी राहते. हा फरक निदानाला उपयोगी आहे, तो शब्दाने पुसू नये. मराठीत यासाठी नाम शोधूच नये असं मला वाटतं. 'चेहरा एकाएकी लालबुंद होणे' हे क्रियापदच बरं.

आणखी एक : कार्सिनॉइडचं 'कर्करोगसदृश' करू नका. 1907 मध्ये ओबर्नडॉर्फर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं तेव्हा त्याला या गाठी निरुपद्रवी वाटल्या होत्या. 1929 मध्ये त्यानेच मत बदललं : त्या पसरूही शकतात. 'सदृश' वाचून रुग्ण निर्धास्त होईल. ट्यूमरसाठी 'अर्बुद'ही जड आहे, शिवाय जुन्या गणतीत अर्बुद म्हणजे दहा कोटी. 'गाठ' सगळ्यांना कळते.

प्रश्न : आणि याच पत्रकातला 'पेलाग्रा' हा आजार?

उत्तर : तो तसाच ठेवा, अर्थ मात्र सांगा. मूळ इटालियन, 'खरखरीत कातडी'. सेरोटोनिन बनवायला गाठ ट्रिप्टोफॅन हे अन्नातून मिळणारं अमिनो आम्ल खर्च करते. त्याच ट्रिप्टोफॅनपासून शरीर नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व करत असतं, ते कमी पडतं. मग उन्हात उघडी राहणारी कातडी, हाताची, गळ्याभोवतीची, काळवंडते आणि खरबरीत होते.

प्रश्नकर्ती : मग असं लिहिते : 'तुमचा चेहरा घाम न येता एकाएकी लालबुंद होतो का? सोबत वरचेवर जुलाब होतात का? डॉक्टरांना दोन्ही सांगा.'

उत्तर : हेच छापा.