परदेशात माल सोडवताना लागणारी कागदपत्रे: आपले अनुभव लिहा

परदेशी बंदरात किंवा विमानतळावर माल सोडवून घेताना कोणता कागद मागितला गेला, तो कोणी द्यायचा होता आणि काम नेमके कोठे अडले, हे ज्यांनी स्वतः पाहिले आहे त्यांनी येथे सविस्तर लिहावे. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग सर्वांना ठाऊक असतात. त्यांपलीकडचे वाचायला आवडेल.

मेलबर्नहून: आमच्या मंडळासाठी पेणहून गणेशमूर्ती समुद्रमार्गे मागवण्याचे काम माझ्याकडे असते. ऑस्ट्रेलियात मूर्तीइतकीच तिच्या वेष्टनाची चौकशी होते. पाठवणाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर तारीख आणि सहीसह ‘पॅकिंग डिक्लरेशन’ द्यावे लागते आणि त्यात पेंढा, गवत, भुसा किंवा बांबू वापरला आहे का, लाकूड असल्यास त्यावर प्रक्रिया झाली आहे का, याची उत्तरे असावी लागतात. पेंढ्यात मूर्ती घट्ट बसते, म्हणून कारखान्यात हात आपसूक तिकडेच वळतो. पेंढा वापरू नका, असे ऑर्डर देतानाच बजावलेले बरे. खोक्याच्या फळीवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, ‘आयएन’ हा देशसंकेत, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि ‘एचटी’ ही अक्षरे उमटलेली लागतात. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवल्याची ती खूण असते. झाकण ठोकण्याआधी त्या शिक्क्याचे छायाचित्र मी आवर्जून मागवून घेतो, कारण पुसट शिक्का इथल्या अधिकाऱ्याला वाचता आला नाही तर डिक्लरेशन कितीही नेटके असले तरी त्याचा उपयोग नाही.

नवी मुंबईहून, आंबा निर्यातदार: अमेरिकेला आंबा पाठवताना फळांवर किमान 400 ग्रे (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) मात्रेची विकिरण प्रक्रिया करावी लागते. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राबरोबर (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) ‘पीपीक्यू 203’ हा तपासणी व प्रक्रिया झाल्याचा फॉर्म लागतो आणि तो निर्यातदार स्वतः तयार करत नाही. विकिरण केंद्रावरील अमेरिकी कृषी खात्याचा निरीक्षक तो देतो. मे 2025 मध्ये याच फॉर्ममधील त्रुटींवरून लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथे आंब्याच्या किमान 15 खेपा नाकारल्या गेल्या. माल तेथेच नष्ट करा किंवा परत न्या, असे दोनच पर्याय होते आणि नाशवंत फळ विमानभाडे भरून परत आणण्यात अर्थ नसल्याने ते नष्टच करावे लागले. ज्या कागदावर आपला हात चालत नाही त्याच्या चुकीची किंमत आपण मोजायची, हे मला आजही अन्यायाचे वाटते. आमच्याकडे आता खेप विमानतळाकडे निघण्यापूर्वी त्या फॉर्ममधील प्रत्येक रकाना दोघे जण वाचतात.

लंडनहून: घरसामान पाठवण्याआधीच ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ सवलतीसाठी (ब्रिटनमध्ये राहायला येताना घरसामानावर मिळणारी करमाफी) अर्ज करून संदर्भ क्रमांक मिळवावा. आधी सलग 12 महिने ब्रिटनबाहेर वास्तव्य असावे लागते आणि वस्तू किमान 6 महिने स्वतःच्या वापरातील असाव्या लागतात. त्यामुळे निघताना हौसेने घेतलेला नवा मिक्सर सवलतीत बसत नाही. आणलेल्या वस्तू पुढे 12 महिने विकता किंवा उसन्या देता येत नाहीत. ‘किरकोळ भांडी’ असे मोघम न लिहिता यादीत वस्तू सुट्या नोंदवाव्यात.

न्यू जर्सीहून: अमेरिकेत घरसामानासाठी कस्टम्सचा वेगळा ‘3299’ क्रमांकाचा फॉर्म असतो. शिवाय सामान समुद्रमार्गे येणार असेल, तर जहाजावर चढवण्याच्या 24 तास आधी आयातदाराकडून द्यायच्या सुरक्षाविषयक माहितीची नोंद अमेरिकी कस्टम्सकडे व्हावी लागते. ती कोण करणार, हे मुंबईच्या पॅकर्सकडून लेखी घ्यावे.