आयटीआय फिटरने मिशिगनमध्ये कम्युनिटी कॉलेजची डिग्री करावी का? पैसे वसूल होतात का?

नोवायकर:
धाकटा भाऊ, वय २७, गेल्या उन्हाळ्यात (२०२५) फॅमिली ग्रीन कार्डवर इकडे आला. बारावी, आयटीआय फिटर, चाकणला चार वर्षं मेंटेनन्स. सध्या गोदामात ताशी १९ डॉलरवर आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात मेकॅट्रॉनिक्सची (यंत्रं, वीज आणि ऑटोमेशन एकत्र) असोसिएट डिग्री ६२ क्रेडिटची, कॉलेजच्या डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्यांना क्रेडिटला १२० डॉलर. नोकरी सोडून दोन वर्षांत उरकावी, की संध्याकाळचे वर्ग घ्यावेत? काही नातेवाईक म्हणतात, त्यापेक्षा सरळ चार वर्षांचं इंजिनिअरिंगच कर. भावनिक सल्ला नको, आकडे सांगा.

हिशेबनीस:
फी फक्त ७,४४० डॉलर आहे. खरी महाग गोष्ट म्हणजे सोडलेला पगार.

१९ डॉलर गुणिले वर्षाचे २,०८० तास म्हणजे ३९,५२०. डिग्रीनंतर सुरुवात २७ डॉलरवर धरू, ते ५६,१६०. वरचे मिळतात १६,६४०. त्यातून सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५, फेडरल १२ आणि मिशिगनचे ४.२५ टक्के गेले की हातात साधारण १२,६५० उरतात. म्हणजे नोकरी न सोडता शिकला तर फी पहिल्या सात-आठ महिन्यांतच निघते. नोकरी सोडली तर दोन वर्षांचे ७९,०४० बुडाले. ते भरून काढायला डिग्रीनंतर पावणेपाच वर्षं लागतील, आणि मधल्या काळात कंपनीचा आरोग्य विमा नाही तो वेगळाच.

संध्याकाळच्या वर्गांचं गणित असं: फॉलला ७, विंटरला ७, उन्हाळ्यात ४, म्हणजे वर्षाला १८ क्रेडिट. साडेतीन वर्षं लागतील. लांब वाटतं, पण तेवढी वाट बघायची गरजच नाही. बहुतेक कॉलेजं याच विषयांतलं ३० क्रेडिटच्या आसपासचं सर्टिफिकेट देतात आणि ते क्रेडिट पुढे डिग्रीत मोजले जातात. सर्टिफिकेट झालं की गोदाम सोडून कारखान्यात मेंटेनन्सला लागायचं आणि उरलेले क्रेडिट कंपनीच्या पैशाने करायचे. कंपनी शिक्षणाला वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत देते ते करमुक्त असतं. मात्र अनेक ठिकाणी 'सी'च्या खाली ग्रेड आली तर पैसे मिळत नाहीत, आणि वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडली तर दिलेले परत मागतात. सही करण्याआधी ते कलम वाचा.

ओव्हरटाइम वेगळा मोजा. पगार ३० डॉलरवर गेला की चाळीस तासांच्या वरचा तास ४५ ला. आठवड्याला १० तास, वर्षाचे ५० आठवडे, झाले २२,५००. त्यातल्या वरच्या 'अर्ध्या'ला, म्हणजे ७,५०० ला, २०२५ ते २०२८ या वर्षांत फेडरल आयकरात वजावट आहे (एकट्यासाठी मर्यादा १२,५००). पण घर घेताना हप्ता ओव्हरटाइमच्या भरवशावर ठरवू नका. मंदीत सगळ्यात आधी तोच बंद होतो.

पॅनेलवाला:
हिशेब बरोबर आहे, पण ते २७ डॉलर कागदाला मिळत नाहीत. ते इलेक्ट्रिकल आणि पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर) येणाऱ्याला मिळतात.

फिटरचं काम त्याला येतं: बेअरिंग, अलाइनमेंट, सील, हायड्रॉलिक. तेवढ्यावर इथे मेकॅनिकल हेल्परचा पगार. जो मीटर घेऊन पॅनेल उघडू शकतो, तो 'मल्टिक्राफ्ट' होतो, आणि जाहिरातीत मोठा आकडा त्याच शब्दापुढे असतो. म्हणून विषयांचा क्रम असा लावा: डीसी-एसी सर्किट्स, मग मोटर कंट्रोल, मग पीएलसी एक आणि दोन, मग व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह). इंग्रजी आणि समाजशास्त्राचे क्रेडिट शेवटी ठेवा. पीएलसी ॲलन-ब्रॅडलीच्या स्टुडिओ ५००० सॉफ्टवेअरवर शिकवतात ना, तेही बघा. इथल्या कारखान्यांत तेच जास्त दिसतं. सीमेन्स आपल्याकडे नेहमीचं, इथे ठरावीक ठिकाणी.

मुलाखतीत बहुधा एक बोर्ड पुढे ठेवतात. ४८० व्होल्टचा स्टार्टर, १२० व्होल्टचं कंट्रोल, स्टार्ट दाबलं तरी कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) ओढत नाही. स्टार्ट दाबून धरायचं आणि मीटर कॉइलच्या ए१-ए२ वर लावायचा. १२० दिसले तर कॉइल तुटलीय. नाही दिसले तर ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ कॉन्टॅक्ट उघडलाय का ते बघायचं, मग स्टॉप बटण, मग कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज. प्रश्न सोपा आहे, पण लोक घाईने कॉइल बदलायला धावतात आणि तिथेच बाद होतात. लॉकआउटचं (वीज तोडून कुलूप लावण्याचं) नाव न घेता पॅनेलमध्ये हात घातला तर बोर्ड कितीही बरोबर सोडवा, उपयोग नाही.

आपल्याकडून आलेल्यांची एक वेगळीच गोची: आपल्या ड्रॉइंगवर आयईसीची (आंतरराष्ट्रीय मानकाची) चिन्हं, इथे बऱ्याच जुन्या मशीनवर नेमाची (अमेरिकन मानकाची). दोन समांतर रेघा बघून नवखा कपॅसिटर समजतो, असतो तो साधा उघडा कॉन्टॅक्ट. मापंही इंचाच्या हजाराव्या भागात. 'पाच थाऊ' म्हणजे ०.१२७ मिलिमीटर, हे तोंडपाठ हवं.

आणि हो, बऱ्याच ठिकाणी हाताची हत्यारं स्वतःची लागतात. इंच आणि मेट्रिक दोन्ही सॉकेट सेट, ॲलन की, एक हजार व्होल्टची इन्सुलेटेड पक्कड-स्क्रूड्रायव्हर, कॅट ३ या सुरक्षा वर्गाचा मीटर. मीटरवर पैसे वाचवू नयेत.

नोवायकर:
छान, धन्यवाद! आर्थिक मदतीचं काय? आणि माझी वहिनी पुण्याची बीई आहे, एच४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा). तिलाही हाच कोर्स करायचाय.

वेळेत_फॉर्म_भरा:
भावासाठी आधी फाफ्सा (फेडरल शिक्षण मदतीचा अर्ज) भरा, लगेच. ग्रीन कार्डवाल्याला पेल ग्रांट (परत न करायची फेडरल मदत) मिळू शकते, वर्षाला कमाल ७,३९५ डॉलर. तो २४ च्या वर आहे, त्यामुळे आईवडिलांचं उत्पन्न मोजत नाहीत. मुख्य मुद्दा पुढेच आहे: फॉर्म दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो. २०२६-२७ साठी २०२४ चं, म्हणजे त्याचा चाकणचा पगार. तो डॉलरमध्ये करून खराखरा दाखवायचा, लपवायचा नाही, आणि डॉलरमध्ये तो लहानच दिसतो. त्यापुढच्या वर्षी २०२५ बघतील, अर्धं इकडचं. २०२८-२९ ला गोदामाचा अख्खा ३९,५२० पगार दिसेल आणि एकट्या माणसाला पेल जवळपास संपेल. म्हणून याच फॉलला सुरुवात केलेली बरी.

क्रेडिट कमी घेतले की पेलही त्या प्रमाणात कमी. १२ क्रेडिटला पूर्ण, ७ ला ५८ टक्के. कमाल पात्रता असेल तर सेमिस्टरला साधारण २,१४५. ७ क्रेडिटची फी ८४०, उरलेल्यात पुस्तकं नि फिरायचं पेट्रोल निघतं. सेमिस्टरचा ६० टक्के काळ व्हायच्या आत सगळे विषय सोडले तर मात्र पेलचा काही भाग परत जातो आणि कॉलेज बिल पाठवतं. शिफ्ट बदलली म्हणून ऑक्टोबरात वर्ग सोडणारे इथेच अडकतात.

मिशिगन रिकनेक्ट ही राज्याची योजना २५ च्या वरच्यांसाठी: मिशिगनमध्ये वर्षभर वास्तव्य हवं, आधीची डिग्री नको. पेल वजा जाऊन उरलेली डिस्ट्रिक्टची फी ती भरते. त्याचं वर्ष या उन्हाळ्यात भरतंय.

टॅक्स भरताना अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट (शिक्षणखर्चावरची करसवलत) विसरू नका: खर्चाच्या पहिल्या २,००० डॉलरचे पूर्ण, पुढच्या २,००० चे पाव, कमाल २,५००. त्यासाठी किमान एका सेमिस्टरला निम्मा भार, म्हणजे बहुतेक ठिकाणी ६ क्रेडिट लागतात. पेलने भरलेल्या फीवर ही करसवलत मिळत नाही. पण पेलचा तेवढा भाग राहण्या-जेवणाचा धरून उत्पन्नात दाखवला तर मिळतं, आणि वाढलेला कर भरूनही हे बहुधा फायद्याचंच ठरतं.

वहिनींचं उत्तर वेगळं आहे. एच४ वर शिकता येतं, पण फेडरल मदत नाही. एच४ ईएडी (काम करायचा परवाना) नसेल तर पगारी को-ऑप (शिकताना कंपनीत काम), अप्रेंटिसशिप दोन्ही बंद, आणि या शिक्षणाचा निम्मा अर्थ त्यातच आहे. पुढे ग्रीन कार्ड आलं तरी पेल नाही मिळणार, कारण परदेशातली बीईसुद्धा बॅचलर डिग्रीच धरतात. फॉर्मवर 'डिग्री नाही' असं लिहू नका, ती खोटी माहिती ठरते. त्यांना अख्ख्या डिग्रीची गरजही नाही, पीएलसीचे दोन-तीन विषय सुटे घेऊन चालेल.

केंटकीकर:
चार वर्षांच्या इंजिनिअरिंगबद्दल: ए.ए.एस. (थेट नोकरीसाठीची असोसिएट डिग्री) आणि ए.एस. (पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची) यांत फरक आहे. ए.ए.एस. मधलं टेक्निकल मॅथ विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला चालत नाही, तिथे कॅलक्युलस लागतं. पुढे जायचा विचार असेल तर गणित पहिल्याच सेमिस्टरला नीट निवडा, नाहीतर निम्मे क्रेडिट वाया जातात.

राज्य बदलायची तयारी असेल तर फेम बघा. २०१० मध्ये टोयोटाने केंटकीत सुरू केलेला कार्यक्रम: आठवड्याला दोन दिवस वर्ग, तीन दिवस पगारी काम, पाच सेमिस्टर. २०२० च्या एका अभ्यासात त्यातून बाहेर पडलेल्यांची पाच वर्षांनंतरची कमाई ९८ हजारांच्या आसपास निघाली होती. पण मुलं आधीच गाळून घेतात, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा भावाच्या पुढ्यात ठेवू नका. देशभरात कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांपैकी निम्मे लोक ६० हजारांच्या थोड्या वरच्या आकड्यापेक्षा कमी कमावतात.

पॅनेलवाला:
प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन दोनच गोष्टी विचारा. पीएलसी-दोनचा संध्याकाळचा वर्ग गेल्या दोन वर्षांत विद्यार्थी कमी म्हणून किती वेळा रद्द झाला? आणि लॅबमध्ये एका ट्रेनरवर किती जण बसतात? तिघांच्या वर असतील तर एक जण वायरिंग करतो आणि बाकीचे बघत बसतात.