उत्तर: उत्तर: रविवार २४ नोव्हेंबर २०२४ – प्रश्न क्र. २ चं नक्की काय करायचं?

मृणाल (लुकन):
मंडळी, रविवारी आयर्लंडच्या संसदेच्या (दाइलच्या) निवडणुकीतल्या उमेदवारांना आपल्या मंडळातर्फे विचारायचे प्रश्न उद्या रात्रीपर्यंत त्यांच्याकडे जायला हवेत. पहिला (घरभाडं) आणि तिसरा (नागरिकत्वाच्या अर्जाला लागणारा वेळ) सगळ्यांना मान्य आहेत. दुसऱ्यावर कालपासून सतरा मेल आलेत. सध्याचं वाक्य: "परदेशातून आलेल्या मुलांना आयरिश विषयातून सूट मिळण्यासाठी असलेली वयाची अट शिथिल करणार का?" ठेवायचं की बदलायचं, एवढंच कळवा. समोशांचा धागा वेगळा आहे.

अभिजित (स्वोर्ड्स):
ठेवा. आम्ही आलो तेव्हा थोरला साडेदहाचा होता, पाचवीत घेतला. सूट कोणाला, तर ज्याचं बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण देशाबाहेर झालंय त्याला. म्हणजे दीड वर्ष उशिरा आलो असतो तर सुटला असता! वर्गातली बाकीची पोरं बालवर्गापासून आयरिश शिकलेली, हा 'दिया दित'पासून (म्हणजे नमस्कारापासून). पहिल्या सत्रातली त्याची वही अजून आहे माझ्याकडे. तारीख, वर एक आयरिश शब्द, आणि खाली पानभर रणगाडे. शाळेने सुटीचा नव्हे, सुटेचा अर्ज परत दिला तो शिक्षण खात्याच्या परिपत्रकातल्या वयाच्या ओळीवर पिवळी रेघ मारून. २०२२ ला नवं परिपत्रक आलं, त्यातही बारा ते बाराच.

वैशाली (ब्लँचर्ड्सटाउन):
माझा या वाक्याला विरोध आहे आणि तो मी मीटिंगमध्येही सांगितला होता (इतिवृत्तात आलेला नाही, असो). नुसती सूट मागितली की उमेदवार समजणार, यांना आयरिश नकोच आहे. इथल्या घटनेच्या आठव्या कलमात ती पहिली राजभाषा आहे, इंग्रजी दुसरी. मुलीला गेलस्कॉलमध्ये (आयरिश माध्यमाच्या शाळेत) घातलं तेव्हा याच लिस्टवर मला "घरात मराठी, रस्त्यात इंग्रजी, आता हे तिसरं कशाला" असं ऐकवलं गेलं होतं. कोणी ऐकवलं तेही आठवतंय. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' असे शब्दच नाहीत, क्रियापदानेच उत्तर द्यायचं. जेवलीस का? जेवले. बाईंनी हे शिकवलं तेव्हा वर्गातली मुलं अडखळली, आमची म्हणाली, आम्ही घरी असंच बोलतो!
समान हक्कांचंच बोलायचं तर प्रवेशाचं विचारा. २०१८ च्या कायद्याने गेलस्कॉलला आधीपासून आयरिश बोलणाऱ्या मुलांना प्राधान्य देता येतं. ते योग्यच आहे, पण आपलं मूल आयरिश बालवाडीत गेलं नसेल तर ते मागे राहतं. मग त्या बालवाड्या वाढवा म्हणावं. आणि उशिरा आलेल्यांना इंग्रजीसाठी जादा तास देता, तसे आयरिशचेही द्या.

अभिजित (स्वोर्ड्स):
वैशालीताई, तास मिळत असतील तर कोण नको म्हणेल? शिक्षक कुठून आणणार?

सुनीता (नेव्हन):
शिक्षक इथे बसलेत. इंग्लंडात लेस्टरला नऊ वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. इथे प्राथमिकला पूर्ण नोंदणी हवी तर आयरिशची परीक्षा द्यायची, तीही ठरलेल्या मुदतीत. मला सूट नको आहे. आयरिश येत नाही तो सगळे विषय शिकवणाऱ्या वर्गावर उभा कसा राहणार? पण दिवसभर बदली शिक्षिका म्हणून धावायचं आणि रात्री स्वतःच्या पैशाने क्लास, त्याचं काहीतरी करा. शेजारचे आजोबा माझी उजळणी घ्यायला बसतात. त्यांना सबंध शाळेतून एकच वाक्य राहिलंय: "अन विल क्याद अगम दुल गो जी अन लेहरस", म्हणजे मी शौचालयात जाऊ का. तेवढं मात्र झोपेतसुद्धा बिनचूक.

काका (कॉर्क):
हसलो. पण एक सांगतो. २०२० ला महाराष्ट्राने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हा याच लिस्टवर आपण पेढे वाटल्यासारखे मेल लिहिले होते. आता इथे आलो की सूट? माजी पंतप्रधान लिओ वराडकरांनाच बोलवा, मालवणातल्या वराडचं रक्त आहे.

नचिकेत (लुकन):
काका, वराडकर या वेळी उभेच नाहीत. शिवाय दाइलसाठी मत फक्त आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना. जूनच्या स्थानिक निवडणुकीत इथे राहणाऱ्या सगळ्यांना होतं, म्हणून तेव्हा दारावर उमेदवारांची रांग होती. आता आपल्यातल्या कितीजणांना मत आहे ते आधी मोजा, नाहीतर उमेदवार दहा मिनिटांत उठेल.

खजिनदार:
नचिकेत, इथे मत पसंतीक्रमाने द्यायचं असतं, एकेकाला पहिली पसंती नाही तर तिसरी-चौथी तरी हवीच असते, येतील. मला काळजी वेगळी आहे. मंडळ धर्मादाय म्हणून नोंदलेलं आहे. प्रश्न विचारायला हरकत नाही, पण एका पक्षाच्या बाजूने उभं राहता येत नाही. आमंत्रण मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांना गेलं पाहिजे, आवडत्यांना नव्हे. आणि कोणाचंही पत्रक समोशांच्या टेबलावर ठेवायचं नाही.

वैशाली (ब्लँचर्ड्सटाउन):
काका, सक्ती आणि शिकवणं यात फरक आहे, तोच तर मुद्दा! सक्ती आहेच. शिकवायची सोय नाही.

मृणाल (लुकन):
बरं. नवा मसुदा: "शाळेत उशिरा दाखल झालेल्या मुलांना आयरिश पहिल्यापासून शिकवण्यासाठी जादा तास, आणि बाहेरून आलेल्या प्राथमिक शिक्षकांना आयरिशच्या परीक्षेच्या तयारीसाठी मदत, यासाठी तुम्ही काय कराल?" आयरिश बालवाडीचं आयत्या वेळी तोंडी विचारू. दुपारी चारपर्यंत हरकत आली नाही तर हेच जाईल.

अभिजित (स्वोर्ड्स):
वयाची अट गाळलीत. हरकत नोंदवतो, अडवत नाही. रविवारी मी हात वर करून विचारणार.

मराठी शाळा (संयोजक):
२४ ला दोन ते साडेतीन हॉल शाळेच्या नावावर आहे, हे कोणी पाहिलंय का? बाराखडीचे तक्ते भिंतीवरच राहतील. उमेदवार पावणेचारच्या आधी आत येणार नाहीत, आणि खडूच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहील.