मॅनिकिनवर फिजिओलॉजी शिकवताय का कुणी? मुलं थेट उपचारांवरच उडी मारतात

चॉक_डस्टर:
नमस्कार मंडळी, मी पहिल्या वर्षाला फिजिओलॉजी शिकवते. यंदा पहिल्यांदाच सिम्युलेशन लॅब (मॉनिटर जोडलेला प्लास्टिकचा पेशंट, म्हणजे मॅनिकिन) वापरायला मिळाली म्हणून रक्तस्रावाची केस लावली, ५ लिटरपैकी १ लिटर रक्त गेलंय अशी. अर्ध्या मिनिटात मुलं "आयव्ही लावा, फ्लुइड द्या, ब्लड मागवा" करायला लागली, सगळे जाम रंगले, पण नंतर विचारलं की पल्स १२४ झाली तरी वरचं बीपी ११२ वर कसं काय टिकलं, तर सगळे गप्प. ज्यासाठी एवढा घाट घातला ते बॅरोरिसेप्टर (बीपी पडायला लागलं की पल्स वाढवून, रक्तवाहिन्या आवळून ते सावरायला लावणारे रक्तवाहिन्यांतले सेन्सर) राहिले बाजूलाच. बेसिक सायन्ससाठी हे खरंच उपयोगी आहे का, की क्लिनिकलच्या मुलांसाठीच ठेवावं? ज्यांनी केलंय त्यांनी नेमकं कसं केलं ते सांगा प्लीज.

भूल_विभाग:
मॅडम, सोडू नका, फक्त पहिल्या फेरीत उपचार काढूनच घ्या. आम्ही ट्रॉलीच बाहेर ठेवतो. रक्त जायला लागलं की मॉनिटर थांबवायचा आणि प्रत्येकाने कागदावर लिहायचं, पुढच्या दोन मिनिटांत पल्स, वरचं बीपी, खालचं बीपी कुठे जाणार आणि का. मग मॉनिटर सुरू. ११२/८८ दिसलं की बहुतेकांचं खालच्या आकड्याचं उत्तर चुकलेलं असतं आणि तिथेच खरा तास सुरू होतो, स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्यात हृदय बाहेर टाकतं ते रक्त) घटला म्हणून पल्स प्रेशर (वरच्या-खालच्या बीपीतला फरक) २४ वर आलं, रक्तवाहिन्या आवळल्या म्हणून खालचा आकडा वर चढला. दुसऱ्या फेरीत तेवढंच रक्त घालवतो, पण पेशंट मेटोप्रोलोलवर (पल्स वाढू न देणारी गोळी) आहे असं सांगतो. पल्स ८० च्या आसपास अडकून राहते आणि बीपी आधीच कोसळतं. रिफ्लेक्सचा एक हात बांधला की काय होतं हे मुलं स्वतःहून बोलायला लागतात, मला काही सांगावं लागत नाही.

अजून एक, बऱ्याच मॅनिकिनला स्वतःची फिजिओलॉजी नसते, मागे बसलेला माणूस आकडे फिरवत असतो. एकदा माझ्याकडून खालचं बीपी वरच्याबरोबरच खाली आणलं गेलं, एका मुलीने पकडलं म्हणून बरं, नाहीतर पूर्ण बॅच चुकीचं शिकून गेली असती. आकड्यांचा तक्ता आधी लिहून ठेवा. आणि प्लास्टिकचे हात गार पडत नाहीत, ते तुम्हाला तोंडाने सांगावं लागणार.

बायोकेम_कट्टा:
वरच्याशी एकदम सहमत. आम्ही डायबेटिक किटोॲसिडोसिसवर (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचतं ते) करतो. सोडियम १३२, क्लोराइड ९५, बायकार्ब ८, म्हणजे ॲनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा) २९, तो त्यांनीच काढायचा. श्वास मिनिटाला ३४, कार्बन डायऑक्साइड २०, पीएच साधारण ७.२२. मग कुणीतरी म्हणतंच की पेशंट दमलाय, व्हेंटिलेटरवर टाकू. टाकू देतो, नेहमीच्या रेटवर. कार्बन डायऑक्साइड ४० म्हणजे "नॉर्मल" होतो आणि पीएच ६.९२ च्या आसपास जातो! हेंडरसन-हॅसलबाल्क (बायकार्ब आणि कार्बन डायऑक्साइडवरून पीएच काढायचं समीकरण) फळ्यावर दहा वेळा लिहून दिलेलं असतं पण जोराच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड खाली ठेवून तेच समीकरण पेशंटचा जीव राखत होतं हे त्या क्षणी कळतं. तेव्हा त्यांनाच कॅल्क्युलेटर घेऊन बसवायचं, घाई करायची नाही.

दुसरं_वर्ष:
मी मागच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या बाजूला होतो म्हणून सांगतो. आमची बॅच मोठी होती, पाच जण मॅनिकिनजवळ आणि बाकीचे मागे उभे, मागच्यांना काही म्हणजे काही कळलं नाही. आणि जवळ असताना सर बघतायत या टेन्शनमध्ये डोकं चालत नाही हो. मला खरं समजलं ते नंतर, मॅडमनी आमच्याच केसचे आकडे फळ्यावर मांडले आणि प्रत्येक बाणाला "हे कुणी केलं, नर्व्हने की हार्मोनने" असं विचारत गेल्या. तो अर्धा तास कापू नका प्लीज, मॅनिकिनचा वेळ कमी केला तरी चालेल.

साधी_प्रॅक्टिकल्स:
थोडं वेगळं मत. सगळ्यालाच मॅनिकिन कशाला? आडवं झोपवून पल्स मोजा, उभं करून लगेच परत मोजा, तोच बॅरोरिसेप्टर आणि तोही स्वतःच्या अंगात. उलट किडनीचं काम मॅनिकिनवर दाखवताच येत नाही कारण ते तासांत आणि दिवसांत चालतं. त्यासाठी कॉम्प्युटर मॉडेल बरं, फिजिओलॉजिस्ट गायटन आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये रक्ताभिसरण समीकरणांत मांडलं, तशा मॉडेलवर मीठ वाढवून पेशंटचा आठवडा मिनिटभरात पळवता येतो.

चॉक_डस्टर:
खूप आभार सगळ्यांचे. पुढच्या आठवड्यात सहा-सहाचे गट करते, आधी झोपून-उठून पल्स, मग ट्रॉलीशिवाय पहिली फेरी आणि मग मेटोप्रोलोलवाली, फळ्यासाठी अर्धा तास राखून. भूल_विभाग, तुमचा आकड्यांचा तक्ता इथे टाकाल का? विशेषतः दुसऱ्या फेरीत बीपी किती मिनिटांनी पाडायला सुरुवात करता ते हवंय.