शिळ्या मागाला कुत्री अडते, काय करू?

लालमाती_खानापूर:
नमस्कार मंडळी. आम्ही जांबोटीच्या अलीकडचे. घरात दोन वर्षांची लॅब्रॅडॉर, नाव राणी. काकांना हल्ली विसर पडतो, दोनदा रानात वाट चुकलेत, म्हणून तिला माग काढायला शिकवतोय. मी चालत जातो, पावलागणिक उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकतो. पंधरा मिनिटांनी सोडली तर नाक खाली घालून सरळ जाते. तासाभराने सोडली की वीसेक पावलं जाते आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी! कुणाला अनुभव हाय काय?

निपाणीचा_बापू:
मुधोळ पाळा की. लॅब्रॅडॉर नुसतं खायला बरं.

मार्कंडेयकाठ:
बापू, मुधोळ डोळ्यानं शिकार करणारं कुत्रं. पळता ससा दिसला तर वाऱ्यासारखं सुटेल, पण काल गेलेल्या माणसाच्या मागासाठी ते मुद्दाम का आणायचं? लॅब्रॅडॉरचं नाक उत्तम असतंय.

खानापूरकर दादा, एकदा तास झाल्यावर स्वतः वाकून बघा. चिकनचे तुकडे जाग्यावर हाईत काय? आपल्याकडं मुंग्या तासाभर कुठल्या थांबतात! राणी तुमच्या पावलांचा नव्हे, चिकनचा माग काढत होती. माझ्या कुत्र्यानं मला असंच तीन महिने फसवलंय.

आता तुकडे कमी करत न्या. वाटेत चपलेच्या चामड्याचा नाहीतर जुन्या सदऱ्याचा तुकडा ठेवा, तो सापडला की तिथंच हातानं खाऊ द्या. शेवटी झाकणाच्या डब्यात मोठं बक्षीस.

वेळ आणि लांबी एकदम वाढवू नका. शंभर पावलांचाच माग, पण वीस मिनिटं, मग तीस, मग पंचेचाळीस. आयजीपी म्हणून कामाच्या कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय परीक्षा असते, तिच्या पहिल्या पायरीचा माग वीस मिनिटं शिळा असतो, तिसऱ्या पायरीला सहाशे पावलं आणि तासभर शिळा. म्हणजे तास ही थोडकी गोष्ट नव्हे.

पहाटे दंव असताना गवतातून चाला. चिरडलेल्या गवताचा आणि माणसाच्या अंगाचा वास ओलीत टिकतो, दुपारच्या उन्हात उडतो. वळण आलं की दहा मीटरची दोरी सैल सोडा आणि गप उभं राहा. ती पुढं जाईल, डोकं वर करील, गोल फिरेल, मग नाक परत मातीला लागल्यावर फुसफुस ऐकू येईल. तोवर दोरी ओढलीत तर ती तुमचं तोंड वाचायला शिकते. तेच आता चाललंय.

निपाणीचा_बापू:
बरं, चुकलं. एक मात्र सांगतो, तंबाखूच्या रानातनं आणि मिरची वाळत घातलेल्या खळ्याजवळनं माग टाकू नका. आमचा मोत्या नाक चोळत घरी पळाला होता.

लालमाती_खानापूर:
मार्कंडेयकाठ, मुंग्यांचंच खरं निघालं, एक तुकडा शिल्लक नव्हता! आज कापलेल्या भाताच्या शिवारात शंभर पावलं, पंचवीस मिनिटं. वळणावर चुकली, मी तोंड घट्ट मिटून उभा. तिसऱ्या फेरीला नाक लागलं आणि चामड्यावर जाऊन बसली. आता माग माझा नको, काकांचाच पाहिजे ना? की आधी दुसऱ्या कुणाचा?

मार्कंडेयकाठ:
आधी दुसऱ्या दोघा-तिघांचा, मग काकांचा. त्यांचा न धुतलेला सदरा आजच पिशवीत बांधून ठेवा, सुरुवातीला वास द्यायला लागेल.

लालमाती_खानापूर:
मेव्हण्याला सांगून बघतो. पहाटे पाचला उठवायचं म्हणजे राणीपेक्षा अवघड काम.