गेटवरचा फ्लेक्स

*डी-४०१ काका:* गेटवर 'भावी नगरसेवक' फ्लेक्स कोणाच्या परवानगीने लागला? सेक्रेटरींनी उत्तर द्यावं.

*सेक्रेटरी:* काकाजी, सकाळीच दिसला. ज्याचा फ्लेक्स आहे त्या पोराला विचारतो.

*ए-२०३:* मिहानमधल्या कंपनीतली चांगली नोकरी सोडली म्हणे पोरानं. काहून पण?

*सी-१०४:* नोकरीत काय ठेवलंय? एक टर्म झाली की वर्धा रोडला प्लॉट 😄

*बी-३०२ वहिनी:* भाऊ, असं बोलू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी तुमच्या घरात शिरलं, तेव्हा तुमच्या आईंना उचलून वर नेणारा हाच होता. तेव्हा कुठे फ्लेक्स लावला होता त्यानं?

*सी-१०४:* ते मी विसरलो नाही वहिनी. मी सगळ्या पुढाऱ्यांबद्दल बोललो.

*डी-४०१ काका:* फ्लेक्स कोणाच्या परवानगीने लागला?

*ए-२०३:* मदत वेगळी, राजकारण वेगळं.

*बी-३०२ वहिनी:* वेगळं कसं? त्या पहाटे फोन तरी कोणाला करणार होतो आपण? नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, कारभार प्रशासकाकडे. पाणी ओसरल्यावर पंचनामा, गाळ, नाल्याची भिंत, सगळ्याचे अर्ज घेऊन हा पोरगा झोन ऑफिसला जात राह्यला. दर वेळी साहेब नवा, फाइल दुसऱ्या टेबलावर. अर्ज माझ्याच घरी बसून लिहायचा. तिथूनच हे त्याच्या डोक्यात आलं. अर्ज घेऊन आलेल्याला 'उद्या या' म्हणता येतं, सभागृहात प्रश्न विचारणाऱ्याला तसं म्हणता येत नाही.

*बी-५०१:* वहिनी, तुमची गाडी आजही माझ्या पार्किंगमध्ये आहे.

*बी-३०२ वहिनी:* काढते. विषय काय चालू आहे ते तरी पाहा.

*ए-१०१ आजोबा:* वय लहान म्हणून अडवू नका रे. देवेंद्र फडणवीस १९९२ ला इथं नागपुरात नगरसेवक झाले ते ऐन विशीत. १९९७ ला महापौर.

*ए-२०३:* त्यांचे वडील आमदार होते आजोबा. याच्या घरी कोण आहे?

*ए-१०१ आजोबा:* मग कामगार नेते ए. बी. बर्धनसाहेब घे. १९५७ ला नागपुरातून अपक्ष आमदार. १९६७ आणि १९८० ला लोकसभेला पडले, पण कामगारांचं काम सोडलं नाही. ज्याला नुसती खुर्ची पाहिजे तो पडल्यावर दिसत नाही. हा पोरगा पडला तरी नाल्याच्या कामामागे लागून राहतो का, ते पाहू.

*सी-१०४:* आणि जागा महिला राखीव निघाली तर बायकोला उभं करेल 😂

*बी-३०२ वहिनी:* याच बोलण्याचा राग येतो. निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी आमच्यातलं कोणी स्वतःहून उभं राहील असं तुमच्या मनातसुद्धा येत नाही.

*डी-४०१ काका:* पुन्हा विचारतो. फ्लेक्स कोणाच्या परवानगीने लागला?

*सेक्रेटरी:* काकाजी, बोललो त्याच्याशी. मित्रांनी लावला, संध्याकाळी काढतो म्हणाला. आता माझंही ऐका. मागच्या आमसभेत कमिटीसाठी नावं मागितली तर सगळे खाली पाहून राहिले होते. लोक मला 'सेक्रेटरीसाहेब' म्हणतात तेव्हा बरं वाटते, खोटं काहून बोलू? माणसाला मानही पाहिजे असतो. पण उन्हाळ्यात टँकर आला नाही की पहाटे पाचला मीच फोन लावतो, तेव्हा मान कुठे असतो? त्या पोरालाही दोन्ही पाहिजे असेल. असू द्या. काम झालं नाही तर आपण आहोत ना विचारायला.

*ए-२०३:* साहेब, मला ऑफिसमुळे वेळ नसतो. नाहीतर…

*सेक्रेटरी:* तो पोरगाही ऑफिसमधूनच यायचा.

*बी-५०१:* गाडी??

*बी-३०२ वहिनी:* काढली. सेक्रेटरीसाहेब, रविवारच्या आमसभेला कमिटीसाठी माझं नाव लिहा. नाल्याच्या भिंतीची फाइल मी बघीन.

*सेक्रेटरी:* लिहिलं वहिनी. अजून दोन जागा रिकाम्या आहेत.