शब्दचर्चा: भाडेकरू, लायसेन्सी, कूळ आणि ‘जागा खाली करणे’

शेवंता३: माझ्या अकरा महिन्यांच्या करारात ‘भाडेकरू’ हा शब्द शोधूनही सापडत नाही. घरमालक ‘लायसेन्सर’, मी ‘लायसेन्सी’, दरमहा देते ती ‘लायसन्स फी’. परवा मालक सरळ म्हणाले, “तुम्ही भाडेकरू नाहीच. मुदत संपली की कुलूप बदलतो.” लायसेन्सीला मराठीत काय म्हणायचं? आणि शब्दाने खरंच काही फरक पडतो का?

वाचनवेडा: अनुज्ञप्तिधारक. बोलताना कोणी म्हणत नाही, म्हणूही नये.

जुना कारकून: फरक पडतो, चांगलाच पडतो. आपण पैसे देऊन राहणाऱ्या सगळ्यांना सरसकट भाडेकरू म्हणतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मात्र दोघांना वेगळं वागवतो. भाडेकरूला केवळ मुदत संपली म्हणून काढता येत नाही. स्वतःला जागेची निकड आहे, परस्पर पोटभाडेकरू ठेवलाय, असं कलम १६ मधलं एखादं कारण मालकाला कोर्टात सिद्ध करावं लागतं. भाडं थकलं तरी आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची, ९० दिवस थांबायचं, मगच दावा. समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरली आणि पुढचं भाडं वेळेवर भरत राहिलं, तर त्या कारणावरून घर जात नाही.

लायसेन्सीला यातलं काहीच नाही. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाप्रमाणे तो दुसऱ्याच्या जागेत परवानगीने राहणारा. जागेत त्याचा हितसंबंध निर्माण होत नाही. मुदत संपली की मालक भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो, आणि मुदतीनंतर राहिलात तर फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. शिवाय तिथे लेखी लायसन्स करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरतात. त्यामुळे ‘कागदावर काही का असेना, मी भाडेकरूच’ हे टिकत नाही.

पण मालक अर्ज करतो, कुलूप बदलत नाही. हा मार्ग त्याच्यासाठी मुद्दाम सोपा करून ठेवलाय तो याचसाठी. एखाद्या जागेत स्थिरपणे राहणाऱ्याला, राहण्याचा हक्क संपला असला तरी, कायद्याचा मार्ग सोडून काढता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटलंय. तो वाद मुंबईतल्या एका रेस्टॉरंटच्या जागेचा होता आणि तिथेही मुद्दा लायसन्सचाच होता.

तिसरा मजला: यात ‘कूळ’ राहिलं. सावकाराच्या वहीत कूळ म्हणजे ऋणको, सरकारच्या दप्तरात सारा भरणारा रयत. १९४८ च्या कूळकायद्यानंतर शब्द शेतजमिनीलाच चिकटला. १ एप्रिल १९५७ ला जमीन कसणारी कुळं कायद्याने मालक ठरली, तेव्हापासून ‘कूळ लागेल’ ही धास्ती जमीनवाल्यांच्या बोलण्यातून गेलेली नाही.

घरमालकांची धास्ती वेगळ्या तारखेची. १ फेब्रुवारी १९७३ ला चालू करारावर जागेत असलेले लायसेन्सी कायद्याने भाडेकरू मानले गेले. त्यानंतर मालकलोक ‘भाडेकरू’ हा शब्द कागदावर येऊच देत नाहीत, यात नवल नाही.

शेवंता३: मग कुलूप बदलण्याला शब्द कोणता? निष्कासन?

जुना कारकून: नाही. निष्कासन हुकूम मिळवून होतं. हुकुमाशिवाय होतं ते हुसकावणं, किंवा बळजबरीने बेदखल करणं. आणि एक सांभाळा. ‘मी जागा खाली केली’ असं कुठेही लिहू नका, मेसेजमध्येसुद्धा नाही. त्या वाक्यात कर्ता तुम्ही आहात. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ६ संमतीशिवाय बेदखल झालेल्यासाठी आहे. दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा असतो. समोरचा वकील तुमचाच मेसेज दाखवून म्हणेल, यांनी आपखुशीने सोडली. ‘अमुक तारखेला संध्याकाळी कुलूप बदललेलं आढळलं, सामान आत आहे, मी संमती दिलेली नाही’, असं कोरडं लिहायचं. लायसेन्सीचा ताबाच नव्हता असाही मुद्दा निघतो. म्हणून वीजबिल, गॅसची पावती, फी दिल्याची बँकेतली नोंद जपून ठेवा.

वाचनवेडा: पाणी-वीज तोडणं कशात बसतं?

जुना कारकून: ते भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम २९. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई हे सगळं ‘अत्यावश्यक पुरवठा किंवा सेवा’. योग्य कारणाशिवाय मालकाला तोडता येत नाही. कलमात शब्द भाडेकरू आहे, म्हणून शेवंताताईंनी त्यावर फार विसंबू नये.

शेवंता३: आमचा करार नुसता नोटरी केलाय. अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही म्हणाले.

जुना कारकून: वर्षापेक्षा कमी भाडेपट्ट्याला केंद्राच्या नोंदणी कायद्यात सूट आहे, त्यावरून अकरा महिने आले. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ मुळे लायसन्सचा करारही, मुदत कितीही असो, नोंदवावाच लागतो. जबाबदारी मालकाची. चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरतात. उलट सिद्ध करणं मालकाकडे. हे कलम मालकांच्या कानावर घाला, कुलपाची भाषा बहुधा तिथेच थांबेल.